मापाबाहेर

खारेपाटात फाल्गुनात शेतं सुकली
की खारभूमीचे साहेब मला रोजंदारीवर बोलावतात.
हातात सायकलचा एक स्पोक,
त्यावर दर दोन बोटांना माझ्या नेलपॉलिशची खूण.
भेगेत सोडायचा, टेकला की खूण वाचायची, वहीत लिहायची.
भेग का पडली
हे विचारायचे पैसे वेगळे मिळत नाहीत.

पहिलं शेत पदाजीचं.
लावणीच्या आधी त्याने भाड्याचा ट्रॅक्टर तीनदा फिरवला होता,
चिखल असा केला की बगळ्याचा पाय ठरेना.
रवा रव्यापासून सुटला,
गांडुळांच्या वाटा बुजल्या,
सगळी माती एकजीव झाली.
(एकजीव होणं चांगलं
असं आपल्याला बोहल्यावरून उतरताना सांगतात.)
आता पाणी गेलं,
तर आटायलाही ती एकजीवच आटली
आणि जिथे फाटली तिथे पार फाटली.
अख्ख्या वावरात भेगा मोजून अकरा,
प्रत्येकीत कोपरापर्यंत हात जातो.
स्पोक पुरेना म्हणून सुतळी बांधून सोडला,
वर आला तो टोकाला निळा चिखल घेऊन,
निवट्यांचा, तिवरांच्या मुळांचा वास.
भेगेच्या दोन्ही भिंतींवर मीठ फुललेलं.

बांधापलीकडे पोशीबायचं.
माती तीच, उघाडीही तीच,
मागे खांड गेली तेव्हा
उधाणाचं पाणी दोघांकडे सारखंच शिरलं होतं.
पण ही पेंढा जाळत नाही,
शेणाच्या पाट्या स्वतः वाहते,
आणि चिखलणीला नांगर एकदाच, तोही हलका.
भेगा इथेही आहेत,
इतक्या की मोजायला बसले आणि सोडून दिलं.
उकडलेलं अंडं जमिनीवर हलकेच आपटावं,
कवच जसं तडकतं पण सुटत नाही,
तसं सगळं वावर.
स्पोक पहिल्या खुणेवरच थांबतो.

वहीत रकाना एकच : सर्वांत खोल भेग.
पोशीबायपुढे दोन बोटं,
पदाजीपुढे मी लिहिलं, मापाबाहेर.
गमावलं किती, याला रकाना नाही.
पाणी दोघांचंही गेलंय.
हिच्या मातीने तो तोटा
कणाकणात वाटून घेतला, इतकंच.

"वली आस्तांना तुरवलीस, त सुकतांना बोलंल ती,"
पोशीबाय म्हणाली, आणि जेवून उठली
ती थेट बांधावर जाऊन चिखल तुडवायला लागली.
टाच रोवून, कमरेला पदर खोचून,
एक रवा शिल्लक राहू नये अशी.
मी म्हटलं, मावशी, हे काय आता?
"बांदानी बोलायचा नाय," ती म्हणाली.
पलीकडे भरतीचं पाणी चढत होतं.
मग तिने पेंढ्याच्या कांड्या मूठमूठ भुरभुरल्या,
पुन्हा तुडवल्या.
सुकेल तेव्हा बांधही तडकणारच,
तड निदान काडीशी येऊन अडावी.

परतताना पदाजीच्या शेतातून आले.
एक भेग राहिली होती. सोडला स्पोक,
आणि सुतळीची गाठ सुटली.
वाकून कान लावला, खाली पडल्याचा आवाजही नाही.
लालबुंद खुणांसकट गेला.
साहेबांना काय सांगायचं?
वहीत लिहिलं : कोपरभर, अधिक एक स्पोक.

घरी आले ती कालवणात मीठ जास्त पडलं म्हणून भांडले,
मग उंबऱ्यातल्या चपलांवरून,
मग दिवा लावायला उशीर झाला त्यावरून.
नवरा मोबाईलमधून मान वर करून म्हणाला,
आज आहे काय तुझं?
काही नाही, म्हटलं.
दोन बोटांचं आहे.